फिरते बिऱ्हाड आणि सोबतीचा कुत्रा

दिग्रसच्या आसमंतात डिसेंबराचा उत्तरार्ध हा प्रवासाला वर्षातील सर्वांत अनुकूल काळ होय. कपाशीची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, हरभऱ्याला घाटे धरू लागतात, धावंडा नदीच्या काठी पहाटे धुके उतरते आणि दुपारचे ऊन अंगाला हवेसे वाटते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाताळची सुटी लागते, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहणारी मुले घरी येतात आणि चार दिवस कोठेतरी जाऊन यावे असा विषय निघतो. तो निघाला की ज्या घरात कुत्रा आहे त्या घरात पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: याला कोणापाशी ठेवायचे? मोठ्या शहरांत कुत्री मुदतीवर सांभाळणारी ठिकाणे निघाली आहेत. तालुक्याच्या गावी ती सोय बहुधा शेजाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून असते. लॉजचे मालक कुत्र्याला खोलीत घेण्यास सहसा राजी नसतात. आगगाडीत त्याला न्यायचे तर पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कक्ष मिळवावा लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातील पेटीत एकटे कोंडावे लागते. नागपूरकडे जावे म्हटले तर १९५३ सालच्या नागपूर करारान्वये तेथे भरणारे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा याच महिन्यात येते, आणि त्या दिवसांत शहरातील विश्रामगृहे व निवासगृहे आधीच भरलेली असतात.

अशा वेळी चाकांवरचे घर, ज्याला आता सर्वत्र कॅराव्हॅन म्हणतात, ही कल्पना मनात येते. ती उत्तम आहे, आणि योग्य रीतीने आखली तर दिग्रससारख्या गावातील मध्यम स्थितीच्या कुटुंबालाही पेलणारी आहे. माझे म्हणणे एवढेच की, असा बेत करताना आरंभ गाडीपासून करू नये, मुक्कामापासून करावा. आणि मुक्काम निवडताना कुत्र्याचा स्वभाव, त्याची भीती व त्याच्यामुळे इतरांस पोचणारा उपद्रव यांचा विचार सर्वांआधी करावा.

घरदार बरोबर घेऊन आणि कुत्रा पहाऱ्याला ठेवून मजल-दरमजल प्रवास करणे ही गोष्ट या मुलखाला नवी नाही. दिग्रस, पुसद, दारव्हा, मानोरा हा सारा बंजारा वस्तीचा पट्टा. आज जे तांडे गावाशेजारी स्थिरावलेले दिसतात त्यांचे पूर्वज पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे अफाट कळप घेऊन धान्य आणि मीठ देशभर पोचवीत असत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिल्याचे नमूद केले आहे. १८०३ साली वेलस्लीची फौज असईहून वऱ्हाडात गाविलगडापर्यंत आली, तेव्हा तिच्या दाणागोट्याची मदारही बंजाऱ्यांच्या पुरवठ्यावर होती. मुक्कामी पोचल्यावर गोणी उतरवून त्यांची रास रचायची, बायकामुले व गुरे तिच्या आडोशाला घ्यायची आणि रात्रीची राखण कुत्र्यांवर सोपवायची, ही तांड्याची वहिवाट होती. दख्खनच्या पठारावरील जो उंच, सडपातळ, लांब तोंडाचा शिकारी कुत्रा आज श्वानप्रदर्शनांत 'कॅराव्हॅन हाउंड' या नावाने मिरवतो, त्याचे नावच या फिरत्या जीवनाशी जोडलेले आहे. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाडातून नागपुरास पोचली, पाठोपाठ पक्क्या सडका झाल्या आणि बैलांवरची ही वाहतूक मोडली. तांडे शेतीवर स्थिरावले. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे, संत सेवालाल महाराजांच्या समाधिस्थळी, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा वारशाचे संग्रहालय उघडले आहे. दिग्रसहून कॅराव्हॅनने निघणाऱ्या कुटुंबाने पहिली मजल तेथवरच करावी असे मी आग्रहाने सांगेन. मुलांना आपल्या बिऱ्हाडाची वंशावळ तेथे पाहावयास मिळेल.

तांड्यातील कुत्र्याची योग्यता काय होती हे सांगणारी एक आख्यायिका छत्तीसगडात, बालोद जिल्ह्यातील खपरी या गावी असलेल्या कुकुरदेव मंदिराशी निगडित आहे. दुष्काळात नाडलेल्या एका बंजाऱ्याने कर्ज काढण्यासाठी आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी ऐवज जेथे दडविला होता ती जागा कुत्र्याने सावकारास दाखवून दिली. प्रसन्न झालेल्या सावकाराने, कर्ज फिटले असे चिठ्ठीवर लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मुक्त केले. कुत्रा धावत धन्याकडे आला. तो करार मोडून पळून आला, आपला शब्द खोटा पडला, अशा समजुतीने धन्याने त्याला जागच्या जागी ठार केले, आणि चिठ्ठी दिसली ती त्यानंतर. त्या पश्चात्तापातून कुत्र्याचे स्मारक उभे राहिले आणि लोक आजही तेथे पूजा करतात. ही कथा अन्यत्रही वेगवेगळ्या नावांनी सांगितली जाते. तिच्यातील शब्दाची चाड मला मोठी वाटते, पण त्याहून अधिक मन वेधते ते हे की, निर्वाणीच्या प्रसंगी तारण म्हणून सावकार मान्य करील अशी बंजाऱ्यापाशी उरलेली एकमेव वस्तू कुत्रा होती.

पश्चिमेकडेही हौसेखातर कॅराव्हॅन प्रथम बांधून घेणारा मनुष्य कुत्र्यांचा मोठा जाणकार होता. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा इंग्रजांच्या आरमारातील निवृत्त स्कॉटिश शल्यवैद्य. त्याने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची प्रशस्त गाडी बनवून घेतली आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंतचा प्रवास केला. गाडीत त्याच्याबरोबर नोकर, गाडीवान, एक पोपट आणि 'हरिकेन बॉब' नावाचा थोराड न्यूफाउंडलंड कुत्रा होता. म्हणजे कुत्र्यासह कॅराव्हॅन ही अलीकडे निघालेली टूम नव्हे. या प्रवासप्रकाराचा आरंभच तसा झाला आहे.

आता गाडीविषयी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाड्या आणि त्या उभ्या करण्याची सुसज्ज स्थळे या दोहोंचा विचार असून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. आत झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली तयार गाडी भाड्याने मिळते ती मुख्यतः पुणे, मुंबई अशा शहरांतून. तेव्हा ठरविताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: कुत्रा चालेल काय, त्याबद्दल अनामत किती, आणि केस वा ओरखडे राहिल्यास कपात कशी होईल. तोंडी होकारावर विसंबू नये, कारण गाडी परत करण्याच्या वेळी होकार देणारा मनुष्य जागेवर असेलच असे नाही.

घरची मालवाहू गाडी आहे, तिच्यात पलंग ठोकून आणि पत्र्याला खिडक्या पाडून कॅराव्हॅन करू, हा विचार मात्र सोडून द्यावा. गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये मज्जाव आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दंडक पुन्हा स्पष्ट शब्दांत सांगितला. अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावाही संकटात येतो. कॅराव्हॅनसाठी 'एआयएस १२४' हे स्वतंत्र मानक आहे. ते पाळून तयार झालेली आणि परिवहन कार्यालयाच्या दप्तरी कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली गाडीच खरी. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी घरची प्रवासी मोटार आहे तशीच ठेवून तिच्या आडोशाला मोठा तंबू ठोकावा. पायरीवर बसून चहा घेण्याचे सुख थोडे उणे होईल, परंतु कुत्र्याच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नाही, आणि किल्ली फिरवून हव्या त्या क्षणी जागा बदलण्याची मुभा कायम राहते.

खरा विचार करावयाचा तो मुक्कामाचा. दिग्रसहून चार दिवसांच्या टापूत जी स्थळे चटकन ओठांवर येतात त्यांपैकी बहुतेक कुत्र्यासाठी बंद आहेत, ही गोष्ट निघण्यापूर्वीच मनाशी स्वीकारली पाहिजे. पांढरकवड्याकडचे टिपेश्वर हे १४८ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य आहे. उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य आहे, कारंज्याजवळ काळविटांचे अभयारण्य आहे, लोणारच्या उल्काविवराचा परिसर अभयारण्यही आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही आहे. चिखलदऱ्याला तर मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाने वेढलेले आहे. अशा जंगलांत पाळीव कुत्रा नेता येत नाही. कित्येक श्वानप्रेमी या नियमावर रुष्ट असतात. आमचा कुत्रा गळपट्ट्याने बांधलेला असतो, तो कोणाच्या वाटेस जात नाही, असे त्यांचे म्हणणे असते. पण प्रश्न चाव्याचा नाही, रोगाचा आहे. डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा विषाणुजन्य आजार मांसाहारी वन्य प्राण्यांत पसरतो आणि तेथे अनर्थ करतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या जंगलात या साथीने सुमारे एक तृतीयांश सिंह नाहीसे झाले आणि तिचा माग भोवतालच्या वस्त्यांतील कुत्र्यांपर्यंत पोचला. २०१८ साली गुजरातेत गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले तेव्हा त्यांतील अनेकांत हाच विषाणू आढळला. ज्याला कुत्र्याबद्दल ममता आहे त्याने वाघाच्या जंगलाच्या दारातून परत फिरणे हे मी त्या ममतेचेच अंग मानतो.

शिवाय जंगलाची हद्द नकाशावर जेथे संपते तेथे जंगल संपत नाही. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस निघाला आणि गळ्यातील रेडिओ-पट्ट्याच्या नोंदीनुसार सुमारे तेराशे किलोमीटर चालून त्याच वर्षीच्या डिसेंबराच्या आरंभी बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. ही वाटचाल बहुतांशी रात्रीची, शेते, नाले आणि सडका ओलांडीत झालेली होती. बिबट्या तर गावांच्या अगदी कुशीत राहतो. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, म्हणजे सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणून तांड्याचा कुत्रा बाहेर राहून राखण करीत असला तरी आपल्या कुत्र्याने ते काम करावे अशी अपेक्षा कोणी धरू नये. काळोख पडला की त्याला गाडीत घ्यावे, आणि रात्री बाहेर नेणे भागच पडले तर हातात प्रखर विजेरी व आखूड साखळी असावी.

तेव्हा राहतो तो शेतातील मुक्काम, आणि माझ्या मते तोच सर्वांत रमणीय. कृषिपर्यटनाची नोंदणीकृत केंद्रे आहेत. पण या भागात मामाचे, मावशीचे, जुन्या मित्राचे शेत नाही असा मनुष्य विरळा. मालकाला आधी विचारावे, कुत्रा आहे हे स्पष्ट सांगावे, त्याच्या गोठ्यात गाभण किंवा नुकती व्यालेली गाय आहे काय, कोंबड्या मोकळ्या असतात काय, त्याचा स्वतःचा कुत्रा कसा आहे, याची चौकशी करावी. गावच्या पोलीस-पाटलास कोण कोठे उतरले आहे याची वर्दी दिली म्हणजे रात्री कोणाला शंका येत नाही.

मुक्कामावर सूर्यास्ताच्या निदान तासभर आधी पोचावे. गाडी उभी राहिली की सामान उतरविण्याची घाई न करता घरातील एकाने कुत्र्याला साखळीने धरून सबंध आवाराची एक फेरी मारावी. प्रथम विहीर पाहावी. आपल्याकडील कित्येक विहिरींना कठडा नाही, आणि नव्या जागी धावणाऱ्या कुत्र्याला ती अखेरच्या पावलापर्यंत दिसत नाही. मग कुंपण पाहावे. रोही आणि रानडुकरे यांच्या उपद्रवामुळे शेताभोवती तारा ओढलेल्या असतात. सौरऊर्जेवरील झटका यंत्राचा धक्का जीव घेत नाही, तो फक्त पिटाळून लावतो. परंतु काही ठिकाणी तारेत थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा बेकायदा आणि जीवघेणा प्रकार चालतो, म्हणून आपल्या व शेजारच्या शेतांतील तारांची माहिती मालकाकडून विचारून घ्यावीच. रोह्यामागे धावत सुटलेला कुत्रा बांधाची हद्द जाणत नाही. फेरी होईतो मालकाचा कुत्रा गुरगुरत समोर येतो. त्या दोघांना तोंडासमोर तोंड आणून ओळख करून देण्याचा प्रयत्न करू नये. दोघांनाही साखळीने धरून, मध्ये आठ-दहा हातांचे अंतर ठेवून, एकाच दिशेने शेताच्या वाटेवर चालवावे. थोड्या वेळाने त्यांच्या माना सैल पडतात, शेपट्या खाली येतात, एखादा खाली वाकून जमीन हुंगू लागतो, आणि मग अंतर आपोआप कमी होते. तोवर कोणाचेही अन्न जमिनीवर ठेवू नये.

डिसेंबरात गवत वाळलेले असते आणि सराटे पिकलेले असतात. सराटा पंजाच्या गादीत रुतला तरी कुत्रा तत्काळ लंगडतोच असे नाही. तो काही पावले चालतो, मग बसतो आणि पंजा चाटीत राहतो. अशा वेळी त्याला कुशीवर निजवून, बोटांमधली कातडी उजेडाकडे ताणून, एकेक फट पाहावी. कुसळ असेल तर ते बाहेरच्या दिशेनेच, सरळ, चिमट्याने ओढावे, कारण त्याला उलटे काटे असतात आणि अर्धवट तुटले तर आतल्या आत पुढे सरकते. कानात कुसळ गेल्यास कुत्रा मान एका बाजूला झुकवून सारखा डोके झटकतो. तेथे स्वतः हात न घालता पशुवैद्याकडे न्यावे. त्याच बैठकीत कानामागे, मानेखाली आणि काखेत गोचीड शोधावेत.

मजल लहान ठेवावी. निघण्याच्या तीन-चार तास आधी कुत्र्याला पोटभर घालू नये, दोन तासांनी थांबून पाणी पाजावे, आणि चालत्या गाडीत त्याला पट्ट्याने बांधावे. अचानक गतिरोध झाला की मोकळा कुत्रा स्वतः आपटतो आणि इतरांनाही दुखापत करतो. दर्शनाला किंवा जेवायला सर्वांनी उतरून कुत्रा बंद गाडीत ठेवणे हा प्रकार हिवाळा आहे म्हणून क्षम्य ठरत नाही. बाहेर केवळ २२ अंश तापमान असतानाही उन्हातल्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात आणखी सुमारे २२ अंशांनी चढते आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असे प्रयोगाने दिसून आले आहे. काचा थोड्या खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. विदर्भातील डिसेंबराची दुपार याहून उष्णच असते. माहूरला रेणुकेच्या दर्शनास जाताना म्हणूनच पाळी लावावी: दोघांनी गडावर जावे, दोघांनी पायथ्याशी सावलीत कुत्र्यासह थांबावे. रात्री मात्र थंडीची लाट आली तर पारा १० अंशांच्या खाली उतरतो. आखूड केसांच्या, वृद्ध किंवा लहान कुत्र्याखाली गोणपाटाची दुहेरी घडी व वर जुनी घोंगडी द्यावी.

लसीकरण ही महिनाभर आधीची गोष्ट आहे, निघण्याच्या आदल्या दिवसाची नव्हे. रेबीजची वार्षिक लस आणि डिस्टेंपर, पार्वो, लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून पूर्ण करावी व लसीकरणाचे पुस्तक गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे. गळपट्ट्यावर नावापेक्षा दूरध्वनीचा क्रमांक महत्त्वाचा. वाटेत मोकाट कुत्र्याने माणसाला चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठून लस सुरू करावी; हळद, चुना, तिखट यांतले काहीही जखमेत भरू नये.

नाताळच्या फराळाबद्दल स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण या सणाचे जे खास पदार्थ तेच कुत्र्याला विशेष घातक आहेत. केकमधील मनुका व द्राक्षे यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेटमधील थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि हृदयावर आघात करते. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली मिठाई रक्तातील साखर एकाएकी उतरवते. कांदा रक्तपेशी फोडतो. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाच्या सळ्या आतड्यात रुततात. पाहुण्यांच्या मुलांना हे आधीच समजावून सांगावे, कारण कुत्र्याला घास देणारा हात बहुधा त्यांचाच असतो. ज्वारीची भाकरी आणि उकडलेले अंडे एवढ्यावर त्याचा सण उत्तम होतो.

माझ्या मते बेत असा असावा: २५ तारखेला सकाळी दिग्रसहून पोहरादेवी, तेथून दुपार टळण्यापूर्वी आप्तांच्या शेतात, पुढचे दोन दिवस तेथेच, हुरड्याची कणसे तयार असतील तर त्यांच्यासह, चौथ्या दिवशी माहूर, आणि २९ तारखेला घर. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री फटाके उडतात आणि त्या आवाजाने बिथरलेली कुत्री साखळी तोडून पळतात. परक्या मुलखात पळालेल्या कुत्र्याला घराची दिशा ठाऊक नसते. ती रात्र त्याने आपल्या ओळखीच्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, घरातील एका माणसाच्या सोबतीत काढावी. गाडी भाड्याची असेल तर ३० तारखेला धुऊन-पुसून, आतील केस काढून, गाडी मालकाच्या हवाली करावी आणि अनामतीची पावती त्याच ठिकाणी निकालात काढावी.